गोव्यात स्वतःचा रेग्युलेटर सांभाळायचा तर

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये, मोसमातल्या पहिल्याच स्कूबा डाइव्हला, ग्रँड आयलंडजवळ पाण्यात उतरले आणि तिसऱ्या श्वासाला तोंडात खारं पाणी आलं. पर्ज केलं (बटन दाबून हवेने पाणी बाहेर काढलं), परत श्वास घेतला, परत पाणी. बडीला (डाइव्हमधल्या जोडीदाराला) खूण केली आणि पाच मीटरवरून दोघी वर आलो. होडीवर सेकंड स्टेजचं (रेग्युलेटरच्या तोंडात धरायच्या भागाचं) खालचं रबरी आवरण सोडवून पाहिलं, तर श्वास बाहेर सोडण्याच्या झडपेची सिलिकॉनची पातळ चकती एका कडेला दुमडून राहिली होती. जून ते सप्टेंबर रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र) प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवला होता. दमट हवेत चकती आपल्या बैठकीला चिकटली आणि निघताना मी जोरात पर्ज केल्यावर अर्धीच सुटली. बोटाने सरळ केली, गोड्या पाण्याने धुतली, दुसरा डाइव्ह कोरडा झाला.

त्यानंतर माझे आणि ओळखीच्या डायव्हरांचे जेवढे बिघाड पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात किनाऱ्यावर झाली होती: डाइव्ह संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात, नाहीतर पावसाळ्याच्या चार महिन्यांत. ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स करून नुकताच स्वतःचा रेग्युलेटर घेतलेल्यांसाठी हे लिहिते आहे. फर्स्ट स्टेज खोलायला यात शिकवलेलं नाही. ते प्रशिक्षित टेक्निशियनचं काम आहे आणि का, ते पुढे येईल.

१. आधी यंत्र समजून घ्या

स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरवर रेग्युलेटर असतो, तसंच हे. साम्य वरवरचं नाही. १९४३ मध्ये नौदल अधिकारी ज्याक कुस्तो यांच्यासाठी एमिल गान्याँ या फ्रेंच इंजिनिअरने जी झडप बेतून दिली, ती मुळात युद्धकाळच्या पेट्रोलटंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी होती.

भरलेल्या टाकीत साधारण २०० बार दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोनच्या आसपास. म्हणजे जवळजवळ नव्वद पट दाबाची हवा तुमच्या तोंडापासून हातभर अंतरावर असते. ती दोन टप्प्यांत उतरते. टाकीवर बसते ती फर्स्ट स्टेज. ती हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इतक्यावर आणून ठेवते. याला मधला दाब म्हणू. तोंडात असते ती सेकंड स्टेज. तुम्ही श्वास ओढला की तिच्यातला पडदा आत दबतो, पडदा तरफ दाबतो, तरफ झडप उघडते. ओढणं थांबलं की झडप बंद.

बहुतेक सेकंड स्टेजमध्ये झडप हवेच्या प्रवाहाच्या दिशेनेच उघडते. त्यामुळे काही बिघडलं तर हवा अडत नाही, वाहत सुटते. यालाच फ्री-फ्लो म्हणतात. नवख्याला त्या आवाजाने धडकी भरते, पण तुम्हाला हवा मिळत राहावी म्हणूनच यंत्राची रचना तशी केलेली आहे.

२. जवळ काय ठेवायचं

डाइव्हच्या पिशवीत:

- टाकीच्या व्हॉल्व्हवरच्या ओ-रिंगा (हवा गळू न देणारी रबरी कडी), निदान चार (यॉक, म्हणजे स्क्रूने आवळायच्या जोडणीसाठी माप ०१४)
- जादा माउथपीस आणि केबल टाय
- ओ-रिंग काढायला प्लास्टिकची किंवा पितळी टोकणी. सुई किंवा स्टीलची पिन नको, तिने खाचेला ओरखडा पडतो आणि मग नवी ओ-रिंगही गळते
- छोटा पाना, ॲलन कीचा संच
- मऊ जुना टूथब्रश, कोरडा पंचा
- स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी, गळती शोधायला

जमल्यास मधला दाब मोजायचा गेज घ्या. तो बीसीडीच्या (हवा भरून तरंगायच्या जाकिटाच्या) इन्फ्लेटर होजवर, म्हणजे त्यात हवा भरणाऱ्या नळीवर बसतो. एकट्याने नको वाटलं तर तिघाचौघांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

कागदपत्रं: खरेदीचं बिल, दोन्ही स्टेजचे सिरियल नंबर, कंपनीचं मॅन्युअल आणि सर्व्हिसची नोंदवही. काही कंपन्या वॉरंटी देताना सर्व्हिसच्या नोंदी मागतात. फोनमध्ये या सगळ्याचे फोटो काढून ठेवा, कारण गोव्याच्या पावसात कागद टिकत नाही.

जुना रेग्युलेटर विकत घेणार असाल तर आधी एकच चौकशी करा: त्या मॉडेलचं सर्व्हिस किट अजून मिळतं का? मिळत नसेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.

३. टाकीला जोडताना

व्हॉल्व्हवरची ओ-रिंग आहे का, चिरली-चपटली आहे का, ते बोट फिरवून बघा. व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडाशी साचलेलं पाणी उडवून टाका. मगच फर्स्ट स्टेज लावा. यॉकचा स्क्रू हाताने घट्ट, पान्याने कधीच नाही.

व्हॉल्व्ह हळू उघडा आणि प्रेशर गेजची काच स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे न करता खाली वळवून धरा. गेज फुटल्याचं मी पाहिलेलं नाही, तरी ही सवय मोडू देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. होडी हलत असते, मदतीला चार हात पुढे येतात, आणि कुणीतरी भल्या हेतूने तुमचा व्हॉल्व्ह "तपासताना" बंद करून अर्धा फेरा उघडतं. होडीवर गेज २०० दाखवतो, श्वासही लागतो. दहा मीटरवर गेल्यावर पाण्याचा दाब दुप्पट होतो, प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते आणि त्या फटीतून ती येत नाही. हे पकडायची रीत सोपी आहे: गेजवर नजर ठेवून तीन-चार जोरात श्वास घ्या. काटा जागेवर थरथरला किंवा श्वासासरशी खाली जाऊन परत वर आला, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे नाहीतर फर्स्ट स्टेजची हवा गाळणारी जाळी तुंबली आहे. असा रेग्युलेटर घेऊन उतरायचं नाही.

४. निघण्यापूर्वीची तपासणी

या तपासण्या मी घरी किंवा डाइव्ह सेंटरवरच करते. होडीत बसल्यावर दोष कळून उपयोग नसतो.

बंद टाकीवर श्वास: टाकीला जोडा, व्हॉल्व्ह उघडू नका आणि सेकंड स्टेजमधून हळू श्वास ओढा. काहीच यायला नको. हवा आली तर पडदा, एक्झॉस्टची (श्वास बाहेर सोडण्याच्या झडपेची) चकती किंवा माउथपीस कुठेतरी फटीवर आहे, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. ऑक्टोपसवरही (जादा सेकंड स्टेजवरही) हेच करा. पहिल्या परिच्छेदातला माझा बिघाड या एका मिनिटात सापडला असता.

काटा: व्हॉल्व्ह उघडून दाब पाहा, बंद करा, दहा मिनिटं थांबा. काटा उतरला तर गळती आहे. साबणाचं पाणी मारा, बुडबुडे जागा दाखवतील.

होज: फर्स्ट स्टेजजवळची रबरी टोपणं मागे सरकवून खाली बघा. चिरा आणि हिरवा गंज नेमके त्याखालीच लपतात.

चव आणि वास: टाकीतली हवा तेलकट किंवा धुरकट लागली तर ती टाकी बदलून घ्या. भिडेपोटी गप्प बसू नका.

मधला दाब: गेज असेल तर आकडा वहीत लिहा. श्वास थांबला की काटा एका जागी यावा आणि तिथेच राहावा. तो हळूहळू चढतच राहिला, तर फर्स्ट स्टेजमधली बैठक (झडप बंद होताना टेकते तो भाग) झिजली आहे.

५. पाण्याबाहेर आल्यावरचा अर्धा तास

टाकी बंद करा, पर्ज दाबून हवा मोकळी करा, यॉक सोडवा. आता हातात डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडाचं झाकण) आणि फर्स्ट स्टेजचं उघडं तोंड. या तोंडातून पाणी आत गेलं तर थेट जाळीवर आणि पुढे बैठकीवर जातं. होडीवर डस्ट कॅपच्या वाटीत हमखास खारं पाणी असतं. ते उडवायला बरेच जण टाकीची हवा भसकन मारतात. कानठळ्या बसतात ते वेगळंच, पण उडालेलं पाणी बाजूच्याच उघड्या तोंडात शिरतं. पंच्याने कॅप पुसा, तोंडाभोवतीचा भाग पुसा, कॅप बसवा, घट्ट करा.

माझ्या पहिल्या रेग्युलेटरची जाळी टेक्निशियनने मला भिंगाखाली दाखवली होती. नवी जाळी करड्या रंगाची, स्वच्छ असते. माझी कडेने हिरवट पडून खडबडीत झाली होती. हिरवं म्हणजे खाऱ्या पाण्याने पितळ खाल्लं. तांबूस दिसली तर स्टीलच्या टाकीतला गंज, काळी दिसली तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधली कोळशाची भुकटी. आपली जाळी फर्स्ट स्टेजच्या तोंडातून टॉर्च मारून पाहता येते. महिन्यातून एकदा बघत जा.

धुण्याची उत्तम रीत म्हणजे रेग्युलेटर टाकीला जोडून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून, गोड्या पाण्यात बुडवणं. आत दाब असला की पाणी शिरत नाही आणि पर्ज दाबून वाळूचे कण बाहेर काढता येतात. टाकी नसेल तर डस्ट कॅप घट्ट लावा, अर्धा तास कोमट पाण्यात भिजत ठेवा आणि पर्ज बटन दाबू नका. दाब नसताना पर्ज दाबलं की झडप उघडते आणि पाणी होजमधून चढत फर्स्ट स्टेजपर्यंत पोचतं. लहान मुलं हमखास बटन दाबतात, तेव्हा बालदी त्यांच्यापासून दूर ठेवा. भिजत असताना सेकंड स्टेजच्या बाहेरची तरफ (हवेचा झोत कमी-जास्त करणारी) आणि घुंडी (श्वास हलका-जड करणारी) मागेपुढे फिरवा, नाहीतर मीठ त्यांच्या फटीत सुकतं आणि त्या जाम होतात. पिस्टन प्रकारच्या फर्स्ट स्टेजला बाजूला भोकं असतात. त्यांतून नळाची बारीक धार सोडा. कडकडीत पाणी मात्र वापरू नका.

आणि पाणी खरोखर गोडं आहे का? होडीवरच्या बालदीत दहा जणांचे मास्क, बूट आणि रेग्युलेटर बुडून निघतात. पहिल्या वर्षी मी त्यातच धुऊन घरी कपाटात ठेवत होते. एकदा आमच्या होडीच्या तांडेलकाकांनी ओंजळ पुढे केली. "बाय, चाखून बघ." समुद्राएवढंच खारट. "घरी जाऊन परत धू." तेव्हापासून दोनदा धुते. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणीही एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. भाड्याच्या घरात विहिरीचं पाणी असेल तर आधी चाखा, शंका आली तर नळाचं किंवा विकतचं वापरा.

धुतल्यावर सावलीत, माउथपीस खाली करून सुकवा. गच्चीवर उन्हात टाकू नका, होज लवकर तडकतात. सुकल्यावर होजची मोठी वेटोळी करून ठेवा. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी होज मुडपला तर पहिली चीर तिथेच पडते.

तेलाबद्दल: खोबरेल, व्हॅसलिन, शिलाई मशीनचं तेल, यातलं काहीही लावू नका. खनिज तेलाने रबर फुगतं, आणि जास्त दाबाच्या ऑक्सिजनजवळ कुठलंही तेल पेट घेऊ शकतं. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनचं मिश्रण वापरणार असाल तर सिलिकॉन ग्रीसही चालत नाही. त्यासाठी खास स्वच्छ केलेली साधनं आणि वेगळं वंगण लागतं.

६. लक्षणावरून दोष ओळखा

श्वासासोबत पाणी येतं. आधी माउथपीस बघा. दाढांखाली येणाऱ्या भागाला आणि केबल टायजवळ बारीक चिरा पडतात. त्या ओढून ताणल्याशिवाय दिसत नाहीत. नंतर एक्झॉस्टची चकती: वाळूचा कण, केस, दुमडलेली कड. शेवटी मोठा पडदा.

पाण्यात शिरताना फ्री-फ्लो. बहुतेकदा हा बिघाडच नसतो. सेकंड स्टेज हातातून सुटून माउथपीस वर झालं की हवा सुटते. माउथपीस खाली वळवा, तोंडावर बोट ठेवा, थांबेल. उडी मारण्याआधी बाहेरची तरफ "प्री-डाइव्ह" किंवा वजा खुणेकडे ठेवा. थंड देशांत आतला बर्फही फ्री-फ्लोला कारण होतो. आपल्या समुद्रात तो प्रश्न नाही, त्यामुळे परदेशी सल्ले वाचताना हा भाग सोडून द्या.

सतत हिस्स आवाज, बंदच होत नाही. एक तर सेकंड स्टेजमधल्या बैठकीवर खाच उमटली आहे, नाहीतर फर्स्ट स्टेजचा मधला दाब चढतो आहे. ओळखण्याची खूण: व्हॉल्व्ह उघडल्यावर आधी सगळं शांत, मग मिनिटभराने हिस्स सुरू, एक श्वास घेतला की थांबतं, परत सुरू. असं असेल तर दोष बहुधा फर्स्ट स्टेजचा. दोन्ही प्रकारांत सर्व्हिसला द्या. घुंडी पिळून आवाज बंद केला तर दोष झाकला जातो, जात नाही.

फर्स्ट स्टेजजवळ बुडबुडे. टाकी आणि यॉकच्या मधून येत असतील तर ओ-रिंग बदला, दोन मिनिटांचं काम. होजच्या मुळातून येत असतील तर तिथली ओ-रिंग. फर्स्ट स्टेजच्या भोकांतून येत असतील तर आतली ओ-रिंग, म्हणजे टेक्निशियन.

प्रेशर गेजच्या मानेशी बारीक बुडबुड्यांची माळ. गेज जिथे फिरतो तिथल्या छोट्या जोडाच्या ओ-रिंगा झिजल्या आहेत. घाबरायचं कारण नाही, पण पुढच्या डाइव्हआधी बदलून घ्या.

श्वास जड लागतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, हे पहिलं. मग घुंडी, मग जाळी.

७. पाण्याखाली बिघडलं तर

फ्री-फ्लो झाला तर माउथपीस दातांत सैल धरा, ओठ मिटू नका, जास्तीची हवा कडेने जाऊ द्या आणि हवी तेवढी ओढा. कोर्समध्ये शिकवलेलं हेच. बडीला खूण करा आणि नेहमीच्या वेगाने वर या. काही मिनिटांत टाकी रिकामी होऊ शकते, म्हणून "अजून थोडं बघूया" नाही. बडी जवळ असेल तर त्याच्या ऑक्टोपसवर जाणं उत्तम. गोव्यात पाणी गढूळ असतं आणि बडी तीन मीटरवर असला तरी दिसेनासा होतो, म्हणून मी हाताच्या अंतरापलीकडे जात नाही.

८. स्वतः काय करायचं, सर्व्हिसला काय द्यायचं

माउथपीस, टाकीची ओ-रिंग, एक्झॉस्टच्या चकतीची सफाई, एवढं स्वतः करा. होज बदलणं कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या. हवेचा दाब पूर्ण काढल्याशिवाय कुठल्याही जोडाला पाना लावू नका. फर्स्ट स्टेजच्या आतल्या बैठकीवर डोळ्यांना न दिसणारा ओरखडा पडला तरी मधला दाब चढत जातो. तो जुळवायला गेज, कंपनीची हत्यारं आणि नेमकं किट लागतं.

किती दिवसांनी? आपलं मॅन्युअल सांगेल ते. कुणी दरवर्षी म्हणतं, कुणी दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्हनंतर, मध्ये एक तपासणी. खाऱ्या पाण्यात आणि या हवेत मी दरवर्षी तपासून घेते.

सर्व्हिसला देताना तीन गोष्टी आधीच बोलून ठेवा: काढलेले जुने भाग परत हवेत, मधल्या दाबाचा आकडा बिलावर लिहून हवा, वापरलेल्या किटचं पाकीट दाखवा. एका दुकानातून माझा रेग्युलेटर चकचकीत होऊन आला, पैसे पूर्ण घेतले आणि दुसऱ्या डाइव्हला हिस्स सुरू झालं. दुसरीकडे उघडल्यावर कळलं, आतली जाळी आणि बैठक जुनीच होती. मी जुने भाग मागितले नव्हते, त्यामुळे भांडायला हातात काहीच नव्हतं.

९. पावसाळ्याचे चार महिने

मेच्या अखेरीस होड्या वर ओढल्या जातात, तेव्हाच रेग्युलेटरची शेवटची लांब आंघोळ घाला आणि दोन दिवस पंख्याखाली पूर्ण सुकवा. हवाबंद पिशवी नको. कापडी पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. डांबराच्या गोळ्या शेजारी नकोत. तो वास रबरात मुरतो आणि ऑक्टोबरमध्ये श्वासात येतो.

माउथपीसच्या तोंडावर पातळ मलमलीचं फडकं रबर बँडने बांधा. झुरळं आत शिरतात, मुंग्या लाळेच्या वासाला येतात आणि पडवीत टांगून ठेवलात तर कुंभारीण माशी भोकात मातीचं घर करते.

दर पंधरा दिवसांनी बाहेर काढा, डस्ट कॅप लावलेली असताना माउथपीसमधून हळू फुंका. चकती हलती राहते, चिकटत नाही. माउथपीसवर काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. पुसत बसू नका, माउथपीसच बदला.

सर्व्हिसला देण्याचा काळ म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आसपास. सप्टेंबरच्या शेवटी दिलात तर सगळ्यांचेच रेग्युलेटर एका टेबलावर साचलेले असतात आणि काम घाईत उरकलं जातं. शिवाय सर्व्हिसनंतर नवी बैठक थोडी बसते, किंचित हिस्स येऊ शकतं आणि पुन्हा एकदा जुळवून घ्यावं लागतं. त्याला हाताशी दिवस हवेत. परत आल्यावर चौथ्या भागातली तपासणी पूर्ण करा, मग पोहण्याच्या तलावात वीस मिनिटं त्यावर श्वास घ्या, ऑक्टोपसवरही. समुद्रातला पहिला डाइव्ह नांगराच्या दोरीजवळ, उथळ ठेवा आणि त्या दिवशीचा मधल्या दाबाचा आकडा वहीच्या नव्या पानावर तारखेसह लिहा.